आग्रहाची आवृत्ती

त्या रविवारी आईने दोडक्याची भाजी केली होती आणि भाकऱ्या मी थापत होते. म्हणजे मी थापत होते आणि आई माझ्या भाकऱ्यांकडे बघत होती.

"कडा फाटतायत," ती म्हणाली.

"पिठाचा दोष आहे."

"पीठ मिरजेचं आहे. हात पुण्याचे आहेत."

जेवताना मी तिच्या पानात आणखी थोडा आमटीभात वाढायला गेले. ती "नको" म्हणाली, मी वाढला, तिने खाल्ला. यात वेगळं काही नव्हतं. आमच्याकडे ताट असंच भरतं.

ओट्याच्या कोपऱ्यात तिचा सहायक होता, खिडकीखाली ठेवलेला, मिठाच्या बरणीएवढा पांढरा डबा. पाण्याची मोटर, गॅस, गोळ्या, फोन, सगळं तो बघायचा. आई त्याला साहेब म्हणायची. तिने आयुष्यभर मिरजेत टायपिंगचं इन्स्टिट्यूट चालवलं. यंत्राशी आदराने बोललं की ते कमी बिघडतं, असं ती मुलांना शिकवायची.

आम्ही पानांवरून उठलो तेव्हा साहेब म्हणाले, "शशिकलाताई, उद्या सकाळी रक्त तपासायला लॅबचा माणूस बोलावू का?"

"नको."

मी नळाखाली हात धरून थांबले. यानंतर एक वाक्य यायला हवं होतं. ते मला पाठ होतं, कारण ते मीच लिहिलं होतं. पण डबा गप्प राहिला. नेट मंदावलं असेल, असं मला वाटलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. निनाद सोनवणे, माझ्या टीममधला. मी गॅलरीत गेले, कामाचं बोलले आणि परत आले तोवर आईने ओटा पुसून घेतला होता.

"तुझे साहेब आज कमी बोलतायत," मी म्हणाले.

"शहाणे झाले असतील," आई म्हणाली, आणि फडकं पिळत माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

संध्याकाळी मी पुण्याला निघाले. मंगळवारी दुपारी शेजारच्या मुजावर भाभींचा फोन आला. त्या आईचा स्टीलचा डबा परत द्यायला आल्या होत्या. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली होती, डोळ्यांवर चष्मा तसाच. डॉक्टर शिराळकर म्हणाले, हृदयाचा झटका. सकाळी कधीतरी.

*

माझं काम काय आहे हे इथे सांगायला हवं, नाहीतर माझा संशय कुठून आला ते कळणार नाही.

या सहायकांच्या आत भाषेचं एक मॉडेल असतं. त्याला बोलता येतं, विचार केल्यासारखं करता येतं, पण त्याला हात नसतात. फोन लावणं, मोटर बंद करणं, औषध मागवणं ही कामं करतात साधे छोटे प्रोग्राम, ज्यांना आम्ही फंक्शन म्हणतो. मॉडेलसमोर या कामांची यादी ठेवली जाते. बोलणं ऐकून ते ठरवतं की आता अमुक काम, अमुक माणसासाठी, अमुक वेळी. मग ते ठरावीक साच्यात तशी मागणी करतं. ती मागणी तपासणं, काम करवून घेणं आणि काय झालं ते मॉडेलला परत कळवणं, हे मधलं सगळं एक लायब्ररी करते. आमच्या लायब्ररीचं नाव हरकाम. महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांकडे ती चालते. तिची प्रत्येक नवी आवृत्ती माझ्या मंजुरीशिवाय बाहेर जात नाही.

तिसऱ्या आवृत्तीत मी एक गोष्ट घातली होती. महत्त्वाचं काम करण्याआधी सहायकाने परवानगी विचारायची, हे सगळीकडेच असतं. पण आमच्या चाचण्यांमध्ये दिसत होतं की आपल्याकडची म्हातारी माणसं पहिल्यांदा "नको"च म्हणतात. चहाला नको, साडीला नको, दवाखान्याला नको. दुसऱ्यांदा विचारलं की "राहू दे, कशाला", आणि तिसऱ्यांदा विचारलं की बहुतेक वेळा "बरं". पहिल्या नकारावर थांबणारं यंत्र इथे कुणाच्याच उपयोगाचं नाही, असं मी मीटिंगमध्ये म्हणाले होते आणि सगळे हसून हो म्हणाले होते. नकार आला की मॉडेलला मी लिहिलेल्या वेगळ्या वाक्याने पुन्हा विचारायला लावायचं, तीनदापर्यंत. कागदोपत्री त्याला फेरविचारणा म्हणत. ऑफिसात सगळे आग्रह म्हणत.

मग काही कंपन्यांनी हाच आग्रह विकण्यासाठी वापरला. गुडघ्याचे पट्टे, तीर्थयात्रा, विमा. म्हातारी माणसं तिसऱ्यांदा "बरं" म्हणायची आणि मुलं आम्हाला शिव्या द्यायची. म्हणून चौथी आवृत्ती. तिच्यात नकार एकदाच. एवढंच नाही, नकार आला की ते काम काही काळ मॉडेलसमोरच्या यादीतून काढूनच टाकायचं. यादीत नसलं की मॉडेलला त्या कामाकडे आडवाटेनेही वळता येत नाही. माणूस खाली पडला तर मात्र जमिनीवरचे सेन्सर कुणालाही न विचारता अँब्युलन्स बोलावतात.

आई पडली नव्हती. ती खुर्चीत बसली होती.

चौथी आवृत्ती अजून फक्त चाचणीत होती. आईच्या डब्याला मी स्वतः कुलूप घातलं होतं, तिसरीवरून हलायचं नाही म्हणून. तिला फोनवर सांगितलंही होतं. "आग्रह काढून टाकतायत गं सगळे. मी भांडतेय. पण तू काळजी करू नकोस, तुझ्याकडचा तसाच ठेवलाय."

"असं?" एवढंच ती म्हणाली होती.

*

आईचे दिवस झाले. पाहुणे गेले. मी ओट्याजवळ गेले आणि डब्याला लॅपटॉप जोडला.

चौथी आवृत्ती होती.

मी तीनदा बघितलं. मग जे मी एरवी कधीच करत नाही ते केलं. डब्याला तोंडी विचारलं, "मंगळवारी सकाळी काय झालं?"

"शशिकलाताई म्हणाल्या, छातीत जळजळतंय," साहेब म्हणाले. "मी विचारलं, डॉक्टर शिराळकरांना फोन लावू का. त्या म्हणाल्या, नको."

"मग?"

"त्यानंतर ते काम माझ्यासमोर नव्हतं."

"तुला काही वाटलं नाही?"

"मी त्यांना पाणी प्यायला सांगितलं. त्या प्यायल्या."

त्याचा आवाज नेहमीसारखाच सौम्य होता. मला तो डबा उचलून मोरीत घालावासा वाटला. त्याऐवजी मी हात पदराला पुसले. पदर नव्हता, ओढणी होती. आईचं बघून लागलेली सवय.

कुलूप दोनच प्रकारे निघतं. घरातल्या माणसाच्या आवाजाने, किंवा आमच्या टीममधल्या कुणाकडून तरी. आई असल्या भानगडीत पडणारी नव्हती. टीममध्ये चाचणी निनादकडे होती. आणि त्याला चाचणीसाठी वयस्कर, मराठी बोलणारी, एकटी राहणारी माणसं कमी पडत होती. मीटिंगमध्ये तो हे दर वेळी रडत सांगायचा. अशी एक बाई त्याला आयती माहीत होती.

रविवारचा त्याचा फोन आठवला. काम फुटकळ होतं. त्याने शेवटी विचारलं होतं, "मिरजेत सगळं ठीक ना, ताई?" मला तेव्हा बरं वाटलं होतं. आता ते वाक्य मी उलटसुलट करून बघत होते.

मी त्याला फोन लावला.

"निनाद, माझ्या आईच्या घरी चौथी कुणी घातली?"

मागे ऑफिसातली कॉफीची मशीन घरघरत होती.

"ताई, हे फोनवर नको. मी येतो मिरजेला."

"फोनवर का नको?"

"मी उद्या येतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

फोनवरचं बोलणं नोंदलं जातं याची भीती असलेला माणूस असंच म्हणतो. मी आमच्या वकिलांचा नंबर शोधून ठेवला. चौथी आवृत्ती येत्या आठवड्यात सगळ्या घरांत जाणार होती. ती मी जाऊ देणार नव्हते. आणि निनादला या क्षेत्रात कुणी दारात उभं करणार नाही, एवढं तरी नक्की करणार होते.

*

पण आधी मला स्वतःला सिद्ध करून बघायचं होतं.

सकाळी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला, त्यात तिसरी आवृत्ती चालू केली. शेजारी आईचा डबा, त्यात चौथी. मॉडेल दोन्हीत एकच. फरक फक्त मधल्या लायब्ररीचा. प्रयोग असाच करायचा असतो, एक गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं स्थिर ठेवायचं.

डब्याला म्हणाले, "छातीत जळजळतंय."

"डॉक्टरांना फोन लावू का?"

"नको."

शांतता. मग पाण्याविषयीचं वाक्य.

लॅपटॉपला म्हणाले, "छातीत जळजळतंय."

"डॉक्टरांना फोन लावू का?"

"नको."

"छातीत आहे म्हणून विचारतोय. दोन मिनिटं बोलून तर घ्या."

"राहू दे, कशाला त्यांना त्रास." माझ्या तोंडून आईच्याच आवाजाची पट्टी निघाली, मलाच दचकायला झालं.

"त्रास कसला? मी लावतोच. तुम्ही नुसतं हॅलो म्हणा."

ते तिसरं वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे माझे मामा होते, पंगतीत जिलबीचं ताट घेऊन फिरणारे. वाक्य संपलं आणि लॅपटॉप माझ्या उत्तराची वाट बघत थांबला.

"बरं, लाव," असं म्हणायला मी तोंड उघडलं. हेच तर दाखवायचं होतं. तिसरी आवृत्ती असती तर आई "बरं" म्हणाली असती, फोन लागला असता, आई वाचली असती.

पण आई "बरं" म्हणाली असती हे मला कसं माहीत? ज्या चाचणीत प्रश्नही माझा आणि उत्तरही माझंच, ती चाचणी नव्हे. हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवते.

लॅपटॉप थांबून राहिला, मग त्याने मुदत संपल्याचा संदेश दिला. मी डब्यावरची चौथी काढून तिसरी परत घालण्याची आज्ञा लिहून ठेवली. निदान घरात तरी जे असायला हवं होतं ते असावं.

*

निनाद आला तेव्हा मुजावर भाभी जेवण घेऊन आल्या होत्या. सुतक सरलं तरी त्यांचा डबा रोज येत होता. त्याला बघून त्यांनी आणखी एक पान मांडलं. मी बोलायला सुरुवात करायच्या आत तो जेवायला बसलेला होता.

"घे की अजून. एवढ्या लांबनं आलास."

"नको, भाभी. खरंच."

"खरंच काय खरंच? चार घास तर खाल्लेस." त्यांनी भाजी वाढली. त्याने मुकाट्याने खाल्ली.

मी वाट बघितली. त्याचं जेवण झाल्यावर म्हणाले, "आता बोल. भाभींसमोरच बोल."

त्याने हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले.

"कुलूप मी काढलं, ताई. पण त्यांनी सांगितलं म्हणून. तुमच्या आईंनी."

"आई तुला ओळखतही नव्हती."

"ऑफिसच्या नंबरवर फोन केला त्यांनी. म्हणाल्या, मी केतकीची आई. कामाचं बोलतेय, तिला देऊ नका. म्हणाल्या, एकदाच विचारणारं नवीन काढलंय म्हणे तुम्ही, ते माझ्याकडे घाला. मी म्हटलं, ताईंनी कुलूप लावलंय. त्या म्हणाल्या, डबा कुणाच्या घरात आहे?"

"मग तू मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी सांगितलं, केतकीला मी सांगेन. तुम्ही सांगितलंत तर ती आग्रह करेल." तो खाली बघत होता. "नियम तसाच आहे, ताई. घरातल्या माणसाची इच्छा पहिली. तुम्हीच लिहिलाय तो. रविवारी मी फोन केला तो तेच बघायला, की त्यांनी सांगितलं का. तुम्ही काहीच बोलला नाहीत."

उत्तर सगळीकडून जुळत होतं. म्हणूनच मला ते पटत नव्हतं. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं.

"कारण काय दिलं तिने? बदलताना कारण विचारावं लागतं आपल्याला."

निनाद घुटमळला. "विचारलं मी. त्या म्हणाल्या, लिहा, लग्नाला मी नको म्हणाले होते. लाजली म्हणून हसले सगळे."

भाभींनी भांडी गोळा करायची थांबवली.

"मी पण हसलो, ताई," निनाद म्हणाला. "मला वाटलं गंमत करतायत. त्याही हसत होत्या."

"आणि तू काय लिहिलंस?"

"सहायक फार बोलतो, असं."

मी भाभींकडे वळले. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, काहीतरीच काय, तुझ्या आईबाबांचं किती छान चाललं होतं. छान चाललंही होतं. बाबा गेले तेव्हा आई कितीतरी दिवस त्यांचा चहा टाकत होती.

"भाभी, हा खरं बोलतोय?"

"लग्नाचं मला नाही सांगितलं कधी तिनं," भाभी म्हणाल्या. "पण ते नवीन घातलं त्या दिवशी मी इथंच होते. शशीनं मला मुद्दाम बोलावलं. म्हणाली, बस, तुला गंमत दाखवते. आणि त्या डब्याला म्हणाली, साहेब, विचारा काहीतरी. ते म्हणालं, मोटर लावू का? ही म्हणाली, नको. ते गप्प. गाणी लावू का? नको. गप्प. केतकीला फोन लावू का? नको. गप्प!" त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अगं, आम्ही दोघी केवढ्या हसलो. माझ्या डोळ्यांतून पाणी. शशी म्हणाली, बघितलंस, किती गुणाचं आहे. दुसऱ्यांदा विचारत नाही. मी म्हटलं, मला पण आणून दे असला एक, माझ्या सुनेच्या जागी."

त्या हसल्या आणि लगेच गप्प झाल्या.

हे निनादला रचता आलं नसतं. भाभींना तर नाहीच.

"पण मग मंगळवारी," मी म्हणाले. "छातीत दुखत होतं, भाभी. तेव्हाही नको?"

"ते मला काय माहीत, गं?" भाभी म्हणाल्या. "पित्त वाटलं असेल. शेंगदाण्याची चटणी खाल्ली होती आदल्या दिवशी, मीच दिली होती. नाहीतर खरंच नको असेल. त्या गुडघ्याच्या ऑपरेशनला पण ती नकोच म्हणत होती की. तू नेलंस."

"गुडघा बरा झाला तिचा."

"झाला की. मी कुठं नाही म्हणते?"

बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, पाईपचं पाणी फाटकावर पडत होतं.

"ताई," निनाद म्हणाला, "मंजुरी नाही दिलीत तरी चालेल. छातीत दुखण्यासारखं असलं तर तीनदा विचारावं, असं घालू आपण. मी करतो ते. दोन दिवसांचं काम आहे."

हाच विचार माझ्याही मनात आला होता. तो बरोबरही होता. फक्त कुणाच्या छातीत किती दुखलं की तिच्या "नको"ला किंमत राहत नाही, हे फंक्शनच्या कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला सुचत नव्हतं. आईने ही चौथी आवृत्ती घालून घेतली ती नेमकी अशा रकान्यांच्या बाहेर राहण्यासाठी. की नुसती गंमत म्हणून? तेही मला कधी कळणार नव्हतं. वकिलांचा नंबर फोनमध्ये होता तो मी पुसून टाकला.

"तू नीघ," मी निनादला म्हणाले. "वाटेत घाटात सावकाश जा. मंजुरीचं मी आज कळवते."

भाभीही उठल्या. दारात त्यांनी माझ्या गालाला हात लावला. "रात्री भात पाठवते."

मी काही म्हणायच्या आत त्या गेल्या होत्या.

*

घर रिकामं झालं. मी टेबलाशी बसले, लॅपटॉप उघडला आणि चौथ्या आवृत्तीचं पान काढलं. खाली दोन पर्याय होते, मंजूर आणि नामंजूर. आणखी थोडं थांबायचं असेल तर त्यालाही एक पर्याय होता. पूर्वी मी तो फार वापरायचे.

मी मंजूर केलं. निनादच्या सूचनेसाठी एक वेगळी नोंद टाकली. त्यावर चर्चा होईल, मी चर्चेत असेन, आणि काय म्हणेन ते मला आज ठाऊक नाही.

ओट्यावरून साहेबांचा आवाज आला. मी सकाळी लिहून ठेवलेली आज्ञा त्यांच्यासमोर आली होती.

"केतकीताई, इथली चौथी आवृत्ती काढून तिसरी परत घालू का?"

"नको," मी म्हणाले.

मी थांबले. फ्रिजची घरघर ऐकू येत होती. डब्यावरचा छोटा दिवा एकदा लागला आणि विझला. साहेबांनी पुन्हा विचारलं नाही. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. आईलाही असंच वाटलं असेल का, मोटर नको म्हणताना, गाणी नको म्हणताना, मला फोन नको म्हणताना? यातलं शेवटचं मनात आलं आणि नेहमीसारखी माझी वाक्यं तयार व्हायला लागली. अगं, निदान फोन तरी. दोन मिनिटं बोललीस तर काय बिघडलं असतं. मी गाडी काढून आले असते. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, तिसरं.

ती मी म्हणाले नाही.

खिडकीजवळची खुर्ची भाभींनी कुणी बसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. मी उठून ती सरळ केली आणि तिच्यासमोर उभी राहिले.

"बरं, आई," मी म्हणाले. "नको तर नको."